विटेवरची पोझ आणि नायकाचं पथ्य

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. तुम्ही पंढरपुरात घडणारी मराठी सुपरहीरो चित्रकथा लिहिताय, चोवीस-चोवीस पानांचे चार भाग. नायक चंद्रभागेत होडी चालवणारा तरुण. आषाढीच्या रात्री पुंडलिकाच्या देवळातून प्रकाश निघतो, त्याच्यावर पडतो आणि त्याला शक्ती मिळते. छातीवर त्रिशूळ, हातात चक्र, शत्रूचं नाव कली, आणि शेवटच्या पानावर नायक विठ्ठलासारखा कमरेवर हात ठेवून उभा. एक मित्र म्हणाला, ‘ही तर पौराणिक कथा झाली.’ दुसरा म्हणाला, ‘कुणाच्या तरी भावना दुखावतील.’ यावर तुमचा सवाल: अमेरिकन सुपरमॅनच्या मागे क्रूस चालतो, मग माझ्या नायकामागे विठोबा का नाही? शिवाय जाता जाता विचारलंय की ‘पांडुरंगमॅन’ हे नाव कसं वाटतं.

विठोबा चालेल की. अडचण दुसरीकडे आहे. तुमच्या आराखड्यात नायक काय काय करू शकतो याचं सविस्तर वर्णन आहे आणि तो काय करणार नाही याबद्दल एक ओळही नाही. सुपरहीरोच्या गोष्टीत धर्म खरा शिरतो तो या दुसऱ्या दाराने. मी त्याला नायकाचं पथ्य म्हणतो, आणि कुठलीही संहिता हातात आली की आधी तेच शोधतो. पथ्य सापडलं की प्रतीकं कुठे ठेवायची ते आपोआप कळायला लागतं. ते नसेल तर छातीवर त्रिशूळ काढा नाहीतर ओम, फरक पडत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. वाचक आठ-दहा वर्षांचा असेल तर प्रतीकं ठळक आणि थेट ठेवलेली चालतात. सोळाच्या पुढच्या वाचकाला तीच बाळबोध वाटतात. नायक स्वतः श्रद्धाळू आहे की नाही, यावरही बरंच ठरतं. आणि सर्वांत मोठा प्रश्न म्हणजे तुमच्या कथेतल्या जगात देव खरोखर येतो-जातो की फक्त माणसांच्या मनात असतो. हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी दुसरी शक्यता धरून चाललोय. पहिली असेल तर तुमच्या मित्राचं बरोबर आहे: ती पौराणिक कथा आहे, आणि तिचे कायदे वेगळे.

आता त्या क्रूसाकडे येऊ. सुपरमॅन जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. लेखक जेरी सीगल, चित्रकार जो शुस्टर, दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली, क्लीव्हलंडमध्ये वाढलेली मुलं. त्या पहिल्या तेरा पानांत क्रूस नाही, देव नाही, प्रार्थना नाही. पहिल्याच पानावर त्याची ओळख करून दिली आहे ती अशी: पीडितांचा कैवारी, गरजूंना मदत करण्यात आयुष्य घालवण्याची शपथ घेतलेला. मग तो काय करतो? एका निर्दोष बाईचा मृत्युदंड शेवटच्या घटकेला थांबवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला आडवा करतो, राजकारण्याच्या मागे लागलेल्या दलालाला घाबरवतो. ‘जे का रंजले गांजले’ वाचत मोठ्या झालेल्या माणसाला हा नायक ओळखीचा वाटायला क्रूसाची गरज पडत नाही. आधी शपथ आली, काम आलं. चित्रं नंतर आली.

मोझेसशी असलेलं साम्य मात्र खरं आहे. ज्यू परंपरेतल्या कथेत तान्ह्या मोझेसला टोपलीत घालून नदीत सोडतात आणि परक्या घरात तो वाढतो. इथे टोपलीच्या जागी अवकाशयान. पण या साम्यावरून फार लांब उड्या मारू नका. ‘काल-एल’ या त्याच्या मूळ नावाचा अर्थ हिब्रूत ‘देवाचा आवाज’ असा सांगणारे बरेच भेटतील. ‘एल’ म्हणजे देव, हे बरोबर. पण आवाजाला हिब्रूत ‘कोल’ म्हणतात, ‘काल’ नव्हे. शिवाय सुरुवातीच्या वर्तमानपत्री पट्ट्यांत ते नाव ‘काल-एल’ असं लिहिलेलंच नव्हतं. शेवटी फक्त इंग्रजी ‘एल’ हे एक अक्षर होतं. आज दिसणारं रूप १९४० च्या दशकात रुळलं. त्यामुळे निर्मात्यांनी पहिल्या दिवसापासून गुप्त अर्थ पेरून ठेवला होता असं म्हणता येत नाही. प्रतीकं अशीच साचतात. एक जण सहज काही लिहितो, दुसरा त्यात अर्थ पाहतो, तिसरा तो अर्थ ठळक करतो.

ठळक करण्याचं काम मुख्यतः सिनेमाने केलं. १९७८ च्या चित्रपटात सुपरमॅनचा पिता म्हणतो की मी माझा एकुलता एक मुलगा पृथ्वीवासीयांकडे पाठवलाय. योहानाच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायातल्या सोळाव्या ओळीची ती सरळ आठवण आहे. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये तर सगळंच उघड: नायकाचं वय तेहतीस, चर्चमध्ये तो बोलत असताना मागच्या रंगीत काचेवर प्रार्थना करणारा येशू, आणि यानातून बाहेर पडताना दोन्ही हात पसरून क्रूसाचा आकार. निर्मात्यांनी अमेरिकेतल्या धर्मगुरूंसाठी प्रवचनाचे मुद्देसुद्धा तयार करून दिले होते. आणि याच चित्रपटाच्या शेवटी नायक शत्रूची मान मोडतो. समोर एक कुटुंब मरणाच्या दारात होतं, दुसरा मार्ग नव्हता, हा युक्तिवाद मला समजतो. पण चित्राने प्रेक्षकाला एक वचन दिलं होतं आणि कृतीने दुसरंच केलं. बऱ्याच प्रेक्षकांना तिथे ठेच लागली ती यामुळे. क्रूसाऐवजी तिथे साधा सूर्यास्त असता, तर तीच मान मोडणं इतकं टोचलं नसतं असं माझं मत आहे.

याच्या उलट उदाहरण स्पायडरमॅनचं. ऑगस्ट १९६२ मधली मूळ गोष्ट अकरा पानांची आहे, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांची. पळणाऱ्या चोराला पीटर, म्हणजे स्पायडरमॅन होणारा मुलगा, अडवत नाही, ‘माझं काय जातंय’ म्हणून सोडून देतो. पुढे तोच चोर त्याच्या काकांना मारतो. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारीही येते हे प्रसिद्ध वाक्य शेवटच्या चौकटीत निवेदनात येतं. ते काकांच्या तोंडी नंतरच्या काळात घातलं गेलं. ‘ज्याला पुष्कळ दिलं त्याच्याकडून पुष्कळ मागितलं जाईल’ या अर्थाचं वचन लूकच्या शुभवर्तमानात आहे, त्याच्याशी या वाक्याचा सूर जुळतो. मात्र अकरा पानांत एकही धार्मिक चित्र नाही. धार्मिक आहे ती रचना: चूक, तिची जाणीव आणि कधीच न संपणारं प्रायश्चित्त. चित्र आलं ते २००४ च्या दुसऱ्या चित्रपटात. भरधाव आगगाडी अंगाच्या ताकदीने थांबवताना त्याचे हात दोन्ही बाजूंना ताणले जातात, तो बेशुद्ध पडतो, आणि मुखवटा उतरलेल्या त्या पोराला प्रवासी डोक्यावरून अलगद आत नेतात. क्रूसावरून उतरवलेल्या देहाची आठवण ज्याला यायची त्याला येते. ज्याला येत नाही त्याच्यासाठीही प्रसंग पूर्ण आहे. हात पसरलेत कारण गाडी थांबवायला हात पसरावेच लागतात.

या दोन दृश्यांची तुलना तुम्ही स्वतः करून पाहा. एकात नायक काहीही न गमावता क्रूसाची पोझ घेतो. दुसऱ्यात किंमत मोजून झाल्यावर पोझ त्याच्या अंगावर येते. म्हणून माझा नेम असा: आधी किंमत, मग चित्र.

इथे तुमच्या शेवटच्या पानाबद्दल बोलायला हवं, कारण तुमच्या सगळ्या आराखड्यातली ती सर्वांत चांगली कल्पना आहे आणि सध्या ती वाया जातेय. गंमत अशी की कमरेवर दोन्ही हात ठेवून उभं राहणं ही सुपरहीरोंची ठरलेली पोझ आहे. मुखपृष्ठांवर सुपरमॅन कितीदा तरी तसाच उभा दिसतो. तिथे तिचा अर्थ आत्मविश्वास, ‘या, कोण येतंय ते बघतो’ असा. विठोबाच्या ‘कर कटावरी’चा अर्थ अगदी वेगळा. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, त्याने वीट भिरकावली आणि देवाला थांबायला सांगितलं. देव थांबला. आजही थांबलाय. म्हणजे तीच मुद्रा अमेरिकेत ताकदीची आणि आपल्याकडे वाट बघण्याची. तुमचा नायक शत्रूला हरवून मग तसा उभा राहतो, तेव्हा तो दिसतो विठोबासारखा, पण अर्थ सुपरमॅनचा घेऊन. वारकरी वाचकाला काय खटकलं ते सांगता येणार नाही, पण खटकेल.

मग ती पोझ कुठे येऊ शकते? उजनी आणि वीर धरणांतून पाणी सोडलं की चंद्रभागा फुगते, वाळवंट पाण्याखाली जातं. त्या पुरात नायक घाटाच्या एका दगडावर उभा आहे. दोराचं एक टोक पलीकडे बांधलेलं, दुसरं त्याच्या कमरेला, आणि गाठ सुटू नये म्हणून दोन्ही हातांनी त्याने ती कमरेशी घट्ट धरलीय. लोक दोर धरून एकेक करून पार होतायत. त्याला हलता येत नाही, लढता येत नाही, समोरून त्याचा शत्रू निघून जातोय तरी मागे जाता येत नाही. फक्त उभं राहायचं, शेवटचा माणूस येईपर्यंत. आता हात कमरेवर आहेत, पायाखाली दगड आहे, आणि तो थांबलाय. कथनात ‘विठ्ठल’ शब्द येऊ देऊ नका. कुणी म्हातारी हात जोडताना दाखवण्याचा मोह होईल, तोही टाळा. दोराला पीळ किती, पाणी गुडघ्यापर्यंत की मांडीपर्यंत, हे चित्रकाराला नेमकं सांगा. चित्र तेवढ्यावर उभं राहील.

पथ्याकडे वळतो. ‘आदर्श’ म्हटलं की लेखक सत्य, न्याय, करुणा असे शब्द लिहून मोकळे होतात. त्यांतून प्रसंग निघत नाही. पथ्य एका वाक्यात, ‘नाही’ या शब्दासकट लिहा. तुमच्या होडीवाल्याचं मला सुचणारं पथ्य: बुडणाऱ्याला ‘तू कोण’ असं विचारणार नाही. जात, गाव, गुन्हा, काही नाही. वारीत एकमेकांच्या पाया पडताना कुणी कुणाची चौकशी करत नाही, तिथून हे सरळ आलंय, आणि होडीवाल्याच्या धंद्यातही बसतं.

मग ते पथ्य तीनदा कसोटीला लावा, दर वेळी महाग करत. चोवीस पानांच्या भागात साधारण सातव्या पानावर स्वस्त कसोटी: बुडणारा माणूस म्हणजे याचीच होडी चोरणारा दारुडा. चौदाव्याच्या आसपास जरा जड: रात्रीचा वाळू उपसणाऱ्या टोळीतला एक, ज्याच्या खड्ड्यामुळे गेल्या वर्षी नायकाचा भाऊ बुडाला. विसाव्या पानावर ज्याने तो खड्डा खणायला लावला तो स्वतः. इथे नायकाने पथ्य पाळलं की मोडलं हे तुम्ही ठरवा. दोन्हींतून गोष्ट होते. मोडलं तर पुढचे तीन भाग प्रायश्चित्ताचे. पाळलं तर पुढचे तीन भाग ‘त्याला का वाचवलंस’ असं विचारणाऱ्या गावाचे. कसोटी फक्त एकदाच, शेवटी लावणं ही नवख्या संहितांतली नेहमीची चूक आहे. पथ्य आधी दोनदा दिसलं नसेल तर तिसऱ्यांदा मोडल्याचं वाचकाला काहीच वाटत नाही.

शत्रू ‘कली’ ठेवला तर हे काहीच जमणार नाही. कली म्हणजे निव्वळ दुष्टपणा, त्याला बुडताना वाचवायचा प्रश्नच उद्भवत नाही. शत्रू असा हवा की तो नायकाच्या पथ्यावर नेमकं बोट ठेवेल. २०२१ च्या ‘मिन्नल मुरळी’ या मल्याळम चित्रपटात एकाच विजेचा धक्का दोघांना बसतो, एक नायक होतो, दुसरा खलनायक. शक्ती तीच, म्हणून फरक वागण्यात शोधावा लागतो. तुमच्याकडेही त्या प्रकाशात दुसरा एक होडीवाला सापडू द्या, जो पुरात माणसं वाचवतो, पण आधी पैसे ठरवून. तो राक्षस नाही, हिशेबी आहे. त्याच्यापुढे तुमच्या नायकाचं पथ्य वेडेपणाचं दिसेल, आणि तसं ते दिसलंच पाहिजे.

त्या प्रकाशाबद्दलही एक शंका आहे. स्पायडरमॅनला कोळी चावला तो अपघात होता. तो निवडलेला नव्हता, म्हणून जबाबदारी घेणं ही त्याची स्वतःची निवड ठरली. २००४ मध्ये आलेल्या स्पायडरमॅनच्या भारतीय अवतारात, मुंबईतल्या पवित्र प्रभाकरला, एक योगी शक्ती देतो. धोतर, राक्षसरूपी शत्रू, सगळं छान भारतीय झालं, भीमकाकांचा मृत्यूही आहे, पण मुळातली एक गोष्ट हलली. योग्याने निवडलेला मुलगा चुकला तर निवडणाऱ्याची चूक, आणि बरोबर वागला तर ते विधिलिखित. तुमचा प्रकाश पुंडलिकाच्या देवळातून निघून थेट नायकावर पडतो, म्हणजे देवानेच निवडलं. त्याऐवजी तो वाळवंटातल्या हजारो लोकांवर पडू द्या आणि बहुतेकांना काहीच न होवो. किंवा नायक त्या वेळी दर्शनाला गेलेलाच नसू दे, उलट्या बाजूला कुणाची तरी अडकलेली होडी सोडवत असू दे. पुंडलिकाच्या गोष्टीशी हे जास्त जुळतं. तोही देव दारात आला तेव्हा आपल्या कामात होता.

न मारण्याच्या पथ्याबद्दल थोडं, कारण तुमच्या नायकाच्या हातात चक्र आहे आणि चक्र म्हटलं की मस्तक उडणार. बॅटमॅन कधीच कुणाला मारत नाही ही जगप्रसिद्ध गोष्ट, पण १९३९ मध्ये तो आला तेव्हा मारत होता. १९४० च्या ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात तर तो विमानातून मशीनगन चालवतो. त्यानंतर संपादकाने ते बंद करायला लावलं. त्याच अंकात खलनायक जोकर मरणार होता, संपादकाने एक चौकट घालायला लावून त्याला जिवंत ठेवलं. कारण व्यवहाराचं होतं, चांगला खलनायक परत परत लागतो. मग १९५४ मध्ये अमेरिकन कॉमिक्स उद्योगाने स्वतःवर आचारसंहिता घालून घेतली: प्रत्येक वेळी सुष्टांचा विजय झाला पाहिजे, गुन्हेगाराला शिक्षा झाली पाहिजे, कुठल्याही धर्माची टिंगल चालणार नाही. म्हणजे ज्याला आपण उदात्त आदर्श म्हणतो त्यातला बराचसा भाग धर्मग्रंथातून आलेला नाही, तो संपादकाच्या टेबलावरून आणि पालकांच्या तक्रारींतून आला. त्यामुळे त्याची किंमत कमी होत नाही. पुढच्या लेखकांनी त्या बंधनालाच नायकाचा स्वभाव केला आणि त्यातून उत्तम गोष्टी काढल्या.

तुमच्याकडे मात्र याच प्रश्नावर दोन आदर्श घरातच आहेत, आणि ते एक नाहीत. गीतेच्या चौथ्या अध्यायात अवताराचं काम सांगितलंय: साधूंचं रक्षण आणि ‘विनाशाय च दुष्कृताम्’. त्याच गीतेवर शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगून झाल्यावर ज्ञानदेव मागणं मागतात ते ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असं. खळ नाहीसे होवोत असं नाही. त्यांचा वाकडेपणा जावो, त्यांना सत्कर्माची गोडी लागो. पंढरपूरच्या नायकासाठी मी दुसरा आदर्श घेईन, आणि मग चक्र लगेच काढून टाकेन. हातात वल्हं पुरे. तुम्हाला पहिला हवा असेल तर तोही घ्या, पण मग कथा पंढरपुरात कशाला, असं मी विचारेन.

प्रतीकांची गर्दी कधी चालते? ‘शझॅम’ या मंत्राचं उदाहरण घ्या. १९४० च्या ‘कॅप्टन मार्व्हल’च्या कथेत एक मुलगा नायक होण्यासाठी हा शब्द उच्चारतो, त्याची सहा आद्याक्षरं सहा जणांची: सॉलोमन, हर्क्युलिस, ॲटलस, झ्यूस, अकिलीस, मर्क्युरी. बायबलमधला एक राजा ग्रीक-रोमन मंडळींच्या रांगेत बिनदिक्कत उभा. मुलांच्या खेळासारखी ही कथा आहे, म्हणून चालतं. त्याला ही शक्ती मिळते त्या गुहेत माणसाच्या सात शत्रूंचे पुतळे आहेत: गर्व, मत्सर, लोभ, द्वेष, स्वार्थ, आळस, अन्याय. ख्रिस्ती परंपरेतल्या सात पापांशी ताडून पाहिलं तर कामवासना आणि खादाडपणा गळालेत, स्वार्थ आणि अन्याय आलेत. बालवाचक समोर ठेवून यादी बदलली असावी. आपले षड्रिपू वापरायचे असतील तर असाच हिशेब करा. सहाच्या सहा आलेच पाहिजेत असा काही नियम नाही.

श्रद्धाळू नायकासाठी डेअरडेव्हिल हा अमेरिकन सुपरहीरो बघा. तो कॅथलिक आहे, अंगावर सैतानाचा वेश आहे, आणि १९८६ च्या ‘बॉर्न अगेन’ या कथेतल्या भागांची नावंच प्रलय, शुद्धिस्थान, पुनर्जन्म, उद्धार अशा अर्थाची आहेत. तिथे प्रतीकं जड होत नाहीत, कारण ती त्या माणसाच्या रोजच्या जगण्यातली आहेत. तुमचा नायक माळकरी असेल तर माळेला शस्त्र करू नका, आणि ‘माळ तुटली की शक्ती गेली’ हेही नको, ते फार वापरून झालंय. माळेबरोबर येणारे नेम वापरा: मांसाहार नाही, एकादशीचा उपास, वर्षाची वारी. दिवसभर उपाशी असलेल्या माणसाला संध्याकाळी पुरात उतरायचंय, इथे प्रसंग आहे.

वचनं उद्धृत करायची तर एका भागात एकच, आणि तेही घरातल्या कुणाच्या तरी आवाजात. कमला खान या मुस्लिम मुलीच्या ‘मिस मार्व्हल’ या चित्रकथा मालिकेत २०१४ मध्ये एकीचा जीव वाचवायच्या क्षणी तिला वडिलांकडून ऐकलेलं कुराणातलं वचन आठवतं: ज्याने एक जीव वाचवला त्याने जणू सगळी मानवजात वाचवली. ज्यू परंपरेतल्या मिश्ना या ग्रंथातही असंच वचन आहे. एका क्षणाला एक वाक्य, आणि लगेच कृती. ‘शक्तिमान’ने उलट मार्ग घेतला: गोष्ट संपल्यावर वेगळा भाग करून मुलांना चार चांगल्या गोष्टी सांगायच्या. तोही मार्ग स्वच्छ आहे, कारण उपदेश लढाईच्या मध्ये घुसत नाही. वाईट तो तिसरा मार्ग, ज्यात नायक ठोसा मारता मारता अभंग म्हणतो.

भावना दुखावण्याबद्दल. ‘थॉर’ हा उत्तर युरोपातला प्राचीन देव अमेरिकन कॉमिक्समध्ये १९६२ पासून मार खातो, हरतो, विनोद करतो, कारण त्याचे पूजक तेव्हा जवळपास उरलेच नव्हते. विठोबाच्या दर्शनाला आजही रांग आहे. म्हणून देव पात्र म्हणून आणू नका, संदर्भ म्हणून ठेवा. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे पूर्वीचं भारतीय दंड विधानाचं २९५-अ, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानाबद्दल आहे, तुमचा हेतू तसा नाही. तरी काही साध्या काळज्या घ्या. देवाचं चिन्ह कमरेच्या खाली, पादत्राणांवर नको. मुखपृष्ठावर देवाचा चेहरा नको, कारण अंक शेवटी रद्दीत जातो आणि भेळेचा कागद होतो. तक्रार यायची तर बऱ्याचदा तिथून येते. अभंग छापायचा तर एखादी विश्वसनीय गाथा समोर ठेवून अक्षर न अक्षर ताडून घ्या. आणि कच्चा खर्डा दोघांना वाचायला द्या: एक नियमित वारी करणारा, एक वारीबद्दल काहीच ठाऊक नसलेला. पहिल्याला काय खुपलं ते विचारा. दुसऱ्याला काय कळलं नाही ते.

कामाचा क्रम थोडक्यात असा. आधी पथ्याचं वाक्य. मग तीन कसोट्या. मग पहिला खर्डा, एकही धार्मिक चित्र न घालता. तो उभा राहिला की चोवीस पानांत एक मोठं चित्र आणि पार्श्वभूमीला दोन-तीन बारीक गोष्टी: भिंतीवरचं कॅलेंडर, दारातली तुळस, लांबून येणारा टाळांचा आवाज. मग मोठ्या चित्रावर हात ठेवून ते पान पुन्हा वाचा. प्रसंग तरीही कळत असेल तर चित्र राहू द्या. कळत नसेल तर प्रसंग अजून लिहून व्हायचाय.

राहता राहिलं नाव. ‘पांडुरंगमॅन’ नको, त्यात देवही लहान होतो आणि नायकही. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने फँटमला मराठीत ‘वेताळ’ केलं तेव्हा नुसतं भाषांतर झालं नाही. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाची राखण करणारा देव आहे, आणि तो सगळा दरारा त्या मुखवटेवाल्याला फुकटात मिळाला. तुमच्या नायकाला घाटावरचे लोक काय म्हणतील तेच नाव ठेवा. ‘नावाडी’ म्हणतील. त्या शब्दात भवसागर आहे, पैलतीर आहे, रामाला गंगापार नेणारा केवट आहे, आणि वाचक ते सगळं स्वतःहून घेऊन येतो. तुम्ही होडी तेवढी नीट काढा. चंद्रभागेतला होडीवाला उथळ पाण्यात बांबूने रेटतो की वल्हं मारतो, आणि बसून की उभा राहून, ते घाटावर एक सकाळ घालवून चित्रकाराबरोबर बघून या.